आकडा मोठा, चेहरा पुसट

दसरा-दिवाळी जवळ आली की मोबाइलच्या दुकानांवर नवे फलक चढतात. त्यांवर सगळ्यात ठळक असतो तो कॅमेऱ्याचा आकडा: ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल, २०० मेगापिक्सेल. त्या आकड्याच्या भरवशावर लोक फोन घेतात, हप्ते बांधून घेतात. साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि आतल्या खोलीत प्रिंटिंगचं यंत्र आहे. या फोनमधले फोटो कागदावर कसे उतरतात ते मी रोज पाहते. ते पाहून माझं ठाम मत झालं आहे की मेगापिक्सेलच्या आकड्यावरून फोन निवडणं म्हणजे पैसे चुकीच्या जागी घालणं. स्पष्ट फोटोसाठी जे लागतं त्यातलं बरंचसं दुकानात मिळत नाही. ते हाताला आणि नजरेला वळण लावून मिळवावं लागतं, आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.

हा प्रश्न हौशी छायाचित्रकारांपुरता असता तर मी वर्तमानपत्रात लिहायला बसले नसते. पण माझ्या काउंटरवर वरचेवर एक काम येतं. घरातलं माणूस गेलेलं असतं. दहाव्याला किंवा तेराव्याला हार घालायला फोटो हवा असतो. मुलगा नाहीतर जावई मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, ‘ताई, एवढाच आहे, जरा मोठा करून द्या.’ त्या फोटोत आई पुतण्याच्या लग्नात दुसऱ्या रांगेत उभी असते. किंवा गणपतीच्या आरतीला, ट्यूबलाइटच्या उजेडात, टाळ्या वाजवताना हललेले बाबा असतात. फोन भारीचा असतो, गॅलरीत हजारो फोटो असतात, आणि ज्या माणसानं घर उभं केलं त्याचा एक धड चेहरा त्यात सापडत नाही. माझ्या दृष्टीनं ही खरी हानी आहे, आणि ती सहज टाळता येण्याजोगी आहे.

त्यासाठी आधी तो आकडा काय सांगतो हे समजून घेऊ. कॅमेऱ्याच्या आत, भिंगाच्या मागे, सेन्सर नावाची एक चिप असते. तिच्यावर प्रकाश टिपणारे सूक्ष्म चौकोन आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले असतात. आडवे ४,००० आणि उभे ३,००० असतील तर गुणाकार होतो १ कोटी २० लाख. दहा लाखांचा एक मेगापिक्सेल, म्हणून हा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५ मध्ये पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याचं चित्र १०० बाय १०० म्हणजे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचं होतं, आणि ते कॅसेटवर नोंदायला २३ सेकंद लागत. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला आणि वृत्तछायाचित्रकारांनी तो हाती घेतला. त्याचा आकडा होता २.७ मेगापिक्सेल. त्या २७ लाख ठिपक्यांत टिपलेले फोटो वर्तमानपत्रांत छापून आले, आणि वाचकांना ते अपुरे वाटले नाहीत.

आकडा वाढला की तपशील वाढतो हे खरं, पण वाटतो तितका वाढत नाही. ठिपके आडवे आणि उभे अशा दोन्ही दिशांनी मांडलेले असतात. म्हणून १२ मेगापिक्सेलचा ४८ झाला, आकडा चौपट झाला, तरी एका ओळीत मावणारा तपशील फक्त दुप्पट होतो. तोही भिंग तितकं चोख असेल, हात स्थिर असेल आणि प्रकाश भरपूर असेल तरच.

आता आपल्याला किती ठिपके लागतात ते पाहू. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. फोटो हातात धरून एका फुटावरून पाहिला तर हे अंतर होतं मिलिमीटरचा जेमतेम अकरावा-बारावा भाग. म्हणजे एका इंचात जवळपास ३०० ठिपके असले की डोळ्याचं समाधान होतं. आमच्या धंद्यातला ३०० डीपीआयचा दंडक या हिशेबात बसतो. अल्बमात लावायचा चार बाय सहा इंचाचा फोटो १,२०० बाय १,८०० ठिपक्यांत होतो, म्हणजे साडेएकवीस लाखांत. आठ बाय बारा इंचाला ८६ लाख पुरतात. भिंतीवर लावायचा बारा बाय अठरा इंचाचा फोटो आपण दोन-तीन हात लांबून पाहतो, त्यामुळे तिथे इंचाला २०० ठिपके पुष्कळ झाले. हिशेब पुन्हा ८६ लाखांवरच येतो.

सगळ्यात जास्त गैरसमज फ्लेक्सबद्दल आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी कार्यकर्ते येतात तेव्हा त्यांना वाटतं, एवढा मोठा फलक म्हणजे फोटोही तेवढाच मोठा हवा. पण चौकातला फलक आपण वीस फुटांवरून पाहतो. तेवढ्या अंतरावरून दीड मिलिमीटरचा ठिपकासुद्धा सुटा दिसत नाही. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला इंचामागे ३० ठिपके धरले तरी एक कोटीच्या थोडं वर काम भागतं. घरातल्या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ८३ लाख ठिपके असतात, आणि बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर २५ लाखांच्या आसपास. म्हणजे अल्बम, भिंतीवरची फ्रेम, टीव्ही आणि चौकातला फ्लेक्स, सगळं १२ मेगापिक्सेलमध्ये बसतं.

मग २०० मेगापिक्सेलचं काय होतं? बहुतेक फोनमधला मुख्य सेन्सर फार तर करंगळीच्या नखाएवढा असतो. व्यावसायिक कॅमेऱ्यातला फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळानं दहा पटींहून मोठा. नखाएवढ्या जागेत वीस कोटी चौकोन बसवायचे तर एकेकाची रुंदी उरते ०.६ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. प्रकाशाचा अगदी बारीक बिंदूसुद्धा भिंगातून गेल्यावर बिंदू राहत नाही. त्याची छोटी चकती होते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८३५ मध्ये हे गणितानं मांडलं. फोनच्या एफ १.७ भिंगातून हिरव्या प्रकाशाची ही चकती सव्वादोन मायक्रॉनच्या आसपास पडते, म्हणजे त्या चौकोनाच्या जवळजवळ चौपट रुंद. भिंग कितीही निर्दोष असो, एक बिंदू शेजारच्या अनेक चौकोनांवर सांडणारच. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून २०० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात सोळा चौकोन एकत्र करून एक ठिपका बनवतो आणि आपल्या हाती साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. १०८ वाला नऊ-नऊ एकत्र करून १२ देतो. ही युक्ती चांगली आहे, त्यानं कमी उजेडातला फोटो सुधारतो. माझा आक्षेप फलकावर आहे. हातात पडणारा आकडा बारीक अक्षरांत लिहायचा आणि चिपवरचा आकडा गाडीच्या चाकाएवढा रंगवायचा, हे ग्राहकाला समजावून सांगणं नव्हे.

मोठ्या आकड्याला जागाच नाही असं मी म्हणत नाही. लग्नाचं काम मी २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं करते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला ४५ मेगापिक्सेल उपयोगी पडतात, कारण लांबचा पक्षी चौकटीत लहान येतो आणि नंतर कापून मोठा करावा लागतो. पण तिथे सेन्सर मोठा असतो, भिंग जड आणि चोख असतं, आणि कॅमेरा धरणाऱ्यानं त्यासाठी मेहनत घेतलेली असते. फोनवरही भर उन्हात, स्थिर डोंगराचा किंवा देवळाच्या शिखराचा फोटो पूर्ण २०० वर काढला तर थोडा जास्त तपशील मिळतो. पण आरती, बारसं, हळद, शाळेचं स्नेहसंमेलन यांपैकी काहीही स्थिर नसतं आणि भर उन्हातही नसतं.

हा स्टुडिओ माझ्या वडिलांनी सुरू केला. अण्णा याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा वापरायचे. १२० च्या रोलवर बाराच फोटो निघत, त्यामुळे प्रत्येक फोटोला किंमत होती. समोरच्या माणसाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची, उत्तरेच्या खिडकीतला उजेड गालावर कसा पडतो ते पाहायचं, कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा आणि ‘हलू नका’ म्हणून मग बटण दाबायचं. त्या निगेटिव्ह मी आजही काढते आणि प्रिंट करते. पदराच्या काठाची वीण, नथीतले मोती, कपाळावरची शीर, सगळं जागेवर असतं. चांगल्या भिंगाचा आणि मोठ्या निगेटिव्हचा त्यात वाटा आहेच, पण निम्मं श्रेय त्या शिस्तीचं आहे. ती शिस्त फोनवरही तशीच लागू पडते, म्हणून ती इथे सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट प्रकाश. कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहणार हे उजेड ठरवतो. उन्हात ते सेकंदाचा हजारावा भाग उघडतं. रात्री घरात फोनला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागतो. आता आरतीत टाळी वाजवणारा हात सेकंदाला एक मीटर वेगानं हलतो असं धरा. हजाराव्या भागात तो एक मिलिमीटर सरकतो. दहाव्या भागात दहा सेंटिमीटर. त्या वेळात बोटांचा धूर होतो, आणि तो कुठल्याही मेगापिक्सेलला परत गोळा करता येत नाही. उजेड कमी असला की फोन दुसरंही एक काम करतो. अपुऱ्या प्रकाशातून आलेले रंगीत दाणे लपवायला तो फोटोवरून सॉफ्टवेअरचा हात फिरवतो, आणि त्यात दाण्यांबरोबर केस, भुवया, सुरकुत्या, जरीची नक्षीही पुसली जाते. आजीचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो तो यामुळे. नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचून उजेड गोळा करतो. रोषणाई केलेल्या देवळासाठी तो उत्तम आहे. नाचणाऱ्या मुलासाठी त्याचा उपयोग नाही.

म्हणून माणसाला उजेडाकडे आणा. दिवसा खिडकीजवळ किंवा ओसरीवर बसवा, तोंड उजेडाकडे, कॅमेऱ्याची पाठ उजेडाकडे. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, ते टाळा. सकाळी दहाच्या आधी किंवा दुपारी चारनंतर, नाहीतर सावलीच्या कडेला, जिथे मोकळं आभाळ समोर असेल तिथे बसवा. एवढ्यानं साध्या फोनचा फोटोही खुलतो.

दुसरी गोष्ट हात. एका हातानं फोन उंच धरून अंगठ्यानं बटण दाबलं की त्या दाबानंच फोन हलतो. दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, जमलं तर भिंतीला किंवा खांबाला पाठ लावा, श्वास सोडा आणि मग हळूच बटणाला बोट लावा. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणावरही फोटो निघतो, आणि दोन सेकंदांचा टायमर लावला तर बोटाचा धक्काच राहत नाही. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी जुना नियम अजून खरा आहे: भिंग २०० मिलिमीटरचं असेल तर शटर निदान दोनशेवा भाग हवं. भिंगात कंपन रोखण्याची सोय असेल तर याहून कमी चालतं, पण ती सोय तुमच्या हातापुरती आहे. अक्षता उधळणाऱ्या वऱ्हाड्यांचे हात ती थांबवत नाही. तिथे शटर अडीचशेव्या भागाच्या खाली नेऊ नये, आणि मुलं पळत असतील तर पाचशेवा भाग गाठावा. आणखी एक, ‘जास्तीत जास्त सगळं स्पष्ट येईल’ म्हणून छिद्र एफ २२ पर्यंत बंद करणारे बरेच असतात. छिद्र जितकं लहान तितकी ती एअरीची चकती मोठी, आणि फोटो उलट मऊ पडतो. बहुतेक भिंगं एफ ५.६ ते एफ ८ या पट्ट्यात सर्वांत चोख असतात.

तिसरी गोष्ट फोकस. फोनला समोरचं काय महत्त्वाचं आहे ते आपण सांगितलं तर तो नक्की ऐकतो. पडद्यावर माणसाच्या डोळ्यावर बोट टेकवा. थोडा वेळ दाबून ठेवलं तर बहुतेक फोनवर फोकस तिथेच पक्का बसतो. डोळा स्पष्ट असला की कानामागचं थोडं पुसट झालेलं कुणाला खटकत नाही. कासच्या पठारावर सप्टेंबरात हजारो फोन फुलांवर वाकलेले असतात, आणि त्यातल्या पुष्कळ फोटोंत फूल पुसट आणि मागचं गवत स्पष्ट येतं. फोन फुलाला जवळजवळ टेकवल्यामुळे फोकस बसत नाही. वीतभर मागे या, वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत वाट पाहा आणि पाकळीवर बोट ठेवा. त्यासाठी फुलांत पाय ठेवायची गरज नाही.

चौथी गोष्ट झूम. दोन बोटांनी चित्र ताणलं आणि फोनमध्ये लांबचं टिपणारं वेगळं भिंग नसलं, तर फोन फक्त मधला भाग कापून मोठा करत असतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत दोनपट झूम केला की ३० लाख ठिपके उरतात. चारपट केला की साडेसात लाख. स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून दहापट झूम करून मुलीचा नाच टिपणारे पालक घरी जाऊन फोटो फाटला म्हणतात, तो इथे फाटलेला असतो. चार पावलं पुढे जा. पुढे जाता येत नसेल, वारीच्या रिंगणासारखी गर्दी असेल, तर लवकर जाऊन जागा धरा.

पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित: भिंग पुसा. फोन दिवसभर हातात, खिशात, कढईशेजारी असतो. भिंगावर बोटांचा तेलकट थर बसतो आणि दिव्यांभोवती धुकं दिसायला लागतं. जेजुरीला भंडारा, विसर्जनाला गुलाल, शेतावर धूळ. असे कण असतील तर आधी फुंकून उडवा, नाहीतर पुसताना काचेवर चरे पडतात. मग चष्मा पुसायच्या मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा. कोकणात आणि पावसाळ्यात मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी चढते. ती काचेवरचा मुलामा खाते आणि मग भिंग कायमचं मंद होतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात भिंगं ठेवावीत. एसी गाडीतून उतरल्याबरोबर दमट हवेत भिंगावर बाष्प धरतं, ते निवळेपर्यंत थांबावं.

एवढं सगळं करून फोटो चांगला निघाला तरी तो वाचतोच असं नाही. फोटो खराब होण्याची सगळ्यात मोठी जागा कॅमेऱ्यात नाही, व्हॉट्सॲपवर आहे. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो वाटेत आकसतो. त्याची मोठी बाजू ४,००० वरून साधारण १,६०० ठिपक्यांवर येते. १,६०० बाय १,२०० म्हणजे १९ लाख, मूळ फोटोच्या सहाव्या भागाहून कमी. शिवाय जेपेग पद्धतीत फाइल दाबून लहान केली जाते तेव्हा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींतला बारीक तपशील गाळला जातो, आणि पुन्हापुन्हा दाबली की तो पुन्हापुन्हा गळतो.

आता लग्नातल्या त्या दुसऱ्या रांगेचा हिशेब करा. रांगेत दहा माणसं. मूळ फोटोत प्रत्येकाच्या वाट्याला ४०० ठिपक्यांची रुंदी, त्यात चेहऱ्याला साधारण १३०. व्हॉट्सॲपवरून आल्यावर त्याच चेहऱ्याला उरतात जेमतेम ५०-५५. फ्रेममध्ये तीन इंच रुंद चेहरा इंचाला २०० ठिपक्यांनी छापायचा तर ६०० लागतात. ‘जरा मोठा करून द्या’ या विनंतीपुढे माझ्या हातात असतात पन्नास. मी विचारते, मूळ फोटो कुणी काढला होता? बहुतेक वेळा तो फोन बदललेला असतो, किंवा मेमरी भरली म्हणून फोटो उडवलेले असतात.

अशा वेळी हल्ली लोक एआय ॲपकडे वळतात. ॲप पन्नास ठिपक्यांचे सहाशे करून देतं आणि चेहरा लख्ख दिसतो. पण मधले साडेपाचशे त्यानं अंदाजानं भरलेले असतात, इतर लाखो चेहरे पाहून. पापणी, दातांची ठेवण, गालावरचा तीळ, यातलं काहीही त्या माणसाचं असेलच अशी खात्री नसते. घरच्यांना ते लगेच कळतं. ‘आईसारखी दिसते, पण आई नाही’ असं म्हणून फोटो परत केलेली माणसं मी पाहिली आहेत. जुन्या फोटोवरचे डाग काढायला, उडालेला रंग भरायला ही साधनं मी स्वतः वापरते. चेहरा घडवायला मात्र मी ती वापरत नाही, आणि ग्राहकालाही तसं स्पष्ट सांगते. फोटोचं मोल तो खरा असण्यात आहे.

उपाय साधा आहे. महत्त्वाचा फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. २०२३ पासून असलेला ‘एचडी’चा पर्यायही साध्यापेक्षा बरा आहे, तरी तोही मूळ नाही. लग्नाच्या फोटोग्राफरकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि त्याची दुसरी प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा. बँकेच्या परीक्षेच्या अर्जाला २०० बाय २३० ठिपक्यांचा फोटो लागतो म्हणून मुलं मूळ फोटो लहान करतात आणि तोच जपून ठेवतात. लहान करायची ती नेहमी प्रत करा, मूळ फोटोला हात लावू नका.

फोन विकत घ्यायचाच असेल तर दुकानदाराला मेगापिक्सेल विचारू नका. सेन्सर केवढा आहे, भिंगाला हात हलण्याची भरपाई करणारी सोय आहे का, लांबचं टिपणारं वेगळं भिंग आहे का, हे विचारा. मग दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सोबतच्या माणसाचा फोटो काढा आणि डोळ्यापर्यंत मोठा करून पापण्या दिसतात का ते पाहा. ही परीक्षा कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी आहे. जाहिराती करणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे: नेहमीच्या वापरात फोन किती मेगापिक्सेलचा फोटो देतो तो आकडा आणि सेन्सरचा आकार, दोन्ही त्याच ठळक अक्षरांत छापा. शाळांमधल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी वर्षातले दोन तास फोटो काढायला शिकवण्यात घालवावेत. मुलांच्या हातात कॅमेरा आहेच, त्यांना उजेड ओळखायला शिकवलं पाहिजे.

आणि वाचकांना एक आग्रहाची विनंती. येत्या रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला खिडकीजवळ बसवा. आवडती साडी किंवा टोपी त्यांना स्वतःला निवडू द्या. भिंग पुसा, कोपरं अंगाला टेकवा, डोळ्यावर फोकस धरा आणि पाच-सहा फोटो काढा, त्यातला एक बोलत किंवा हसत असतानाचा असू द्या. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि जवळच्या स्टुडिओत एक आठ बाय बाराचं प्रिंट काढून भिंतीवर लावा, ती व्यक्ती समोर असताना लावा. या कामाला नवा फोन लागत नाही. तुमच्या खिशातला १२ मेगापिक्सेलचा फोन त्याला पुरेसा आहे.